आईने पाहिलेलं सेबू

बेंगळुरूतल्या मंडळींनो, गेल्या आठवड्यात मी सेबूचे फोटो टाकले होते, ‘आईला फिलिपिन्स दाखवलं’ असं लिहून. ‘मुलगा असावा तर असा’ म्हणालात सगळे. म्हणून आजचंही ऐका.

दुपारी मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटवर दोस्तमंडळी जेवायला होती. टीव्हीवर फोटो लावले. जुना किल्ला, समुद्र, मग आमच्या मुक्कामाचं हॉटेल, जिथे खाली टाकीतला जिवंत मासा आपण बोटाने दाखवायचा आणि ते लगेच भाजून देतात.

मित्राच्या बायकोने विचारलं, “काकू, कुठला मासा आवडला?”

आई मालवणची, सरळ बोलणारी. “मी कुठे खाल्ला गो? नातवाबरोबर खोलीतच होते चार दिवस.”

“पण हा फोटो?”

फोटोत आईसमोर ताटभर कोळंबी होती. फोटोपुरतं तिला खाली बोलावलं होतं. तेवढ्यात आमचं बाळ रडायला लागलं आणि मीच म्हणालो होतो, आई, तू वर घेऊन जा त्याला.

आई चष्मा लावून टीव्हीजवळ गेली, नीट बघितलं. “कोळंबीच्या पाठीतला काळा धागा काढलेला नाही यांनी. पोट नाही ना दुखलं रे तुझं?”

मला राग आला, तोही तिचाच. चारचौघांत सांगायची काय गरज होती?

आता ती आत भांडी आवरतेय. बायको बालीची तिकिटं बघतेय. “आईंचंही काढू ना? नाहीतर बाळाला कोण बघणार?”

मी हो म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?