गावाने निवडलेला पंच

भिवंडीच्या कोर्टातले न्यायाधीश लोकांनीच निवडून द्यायला हवेत, हे मी खारबावच्या चहाच्या टपरीवर किती वेळा ठासून सांगितलं असेल! परीक्षा देऊन कुठूनतरी येतात, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातात, त्यांना आमची माणसं काय कळणार? मास्तरकीत हयात गेल्यामुळे ऐकणारे माना डोलवायचे आणि मलाही ते खरं वाटायचं.

निवृत्तीनंतर ग्रामसभेने मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. भांडणं कोर्टात जाण्याआधी गावातच मिटवायची, हे या समितीचं काम. माझं नाव सुचवलं ते गोदामवाल्याने. शेतांवर गोदामं बांधून भाड्याने देणारं ते मोठं घराणं. त्यांच्या भावकीने हात वर केले की गावात कुठलाही ठराव पास. मी फेटा बांधून फोटो काढून घेतला. इतका फुशारलो होतो की बायको म्हणाली, "घरात तरी मास्तरच राहा."

वर्षभरात त्याच गोदामवाल्याने नव्या गोदामाची भिंत थेट गाडीवाटेवर घातली. वाटेच्या टोकाला एकच घर होतं, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं. भिवंडीच्या एका दवाखान्यात ती आयाचं काम करते. नवरा वारल्यावर माहेरी आली; घरात फक्त आजारी आई. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे, आणि दारापर्यंत रिक्षा यायला तेवढीच वाट होती. भिंत झाल्यापासून कुणाकुणाची विनवणी करून ती आईला खुर्चीत बसवायची आणि बांधावरून उचलून न्यायची.

तक्रार माझ्याकडे आली. आम्ही पाच जण जागेवर गेलो. ती म्हणाली, "गुरुजी, याच वाटंनी तुमी माज्या बापाला समजवाला आलता. पोरीची शाला बंद करू नको म्हनून. आठवतंय ना?"

लख्ख आठवत होतं. सायकलवरून उतरावंही लागलं नव्हतं, इतकी रुंद वाट होती ती. पण पुढच्याच महिन्यात अध्यक्षाची फेरनिवड होती आणि गोदामवाला माझ्या शेजारी उभा होता. पंचनाम्यात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर ठिकाणी पूर्वापार वाट असल्याचे दिसून येत नाही.' वर तिलाच म्हणालो, "जरा सामोपचाराने घे." माझी फेरनिवड एकमताने झाली.

ती कोर्टात गेली. न्यायाधीश तिशीतली बाई, बोलण्यावरून मराठवाड्याकडची. माझा पंचनामा तिच्यापुढे होता आणि मी साक्षीच्या पिंजऱ्यात. तिने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी या वाटेने गेला होता का?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

तिने वर पाहिलंही नाही, उत्तर लिहून घेतलं. मग जुने नकाशे मागवले, एका वकिलाला जागेच्या पाहणीला पाठवलं, आणि शेवटी रिक्षा जाईल एवढी भिंत पाडायचा हुकूम दिला. गोदामवाल्याच्या घरात मतं किती, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या पंचनाम्याबद्दल निकालात एकच ओळ होती, तो विश्वासार्ह वाटत नाही. आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांवर शेरे मारले. हा शेरा वाचताना माझे कान तापले, आणि मला मान वर करवेना.

कोर्टाच्या जिन्यात माझी विद्यार्थिनी दिसली. मी तोंड चुकवत होतो, तर तीच जवळ आली. आता ही चारचौघांत माझी लाज काढणार, असं वाटलं. काढली असती तर बरं झालं असतं.

"गुरुजी, मना तुमचा राग न्हाय," ती म्हणाली. "तुमाला मतं लागतात. त्या मॅडमना कुठं लागतात?"

साक्षीच्या पिंजऱ्यात मला कुणाचंच मत लागत नव्हतं. 'हो, गेलो होतो' एवढंच तर म्हणायचं होतं. निदान त्या जिन्यात तरी मी तिला ते सांगायला हवं होतं. पण तिने आयती सबब माझ्या हातात दिली होती.

"हो ना गं," मी म्हणालो, "काय करणार."