अदलाबदल केलेल्या पाट्या

कडब्याच्या गंजीतून एक पेंढी ओढली की चार अंगावर येतात. आमच्या शेतकी विद्यापीठाचे किस्से तसेच, आणि सगळे भीतीचे! मी तिथं जन्मभर मजूर. शाळा चौथी, पण भल्याभल्या पीएचडीवाल्या डॉक्टर लोकांना पळवलंय!

*

विद्यापीठाला जमिनी गेल्या, त्यात आमचीही. बदल्यात बापाला नोकरी. साहेबांनी दरडावून विचारलं, "ज्वारी पेरता येते का?"

बाप चाचरत म्हणाला, "ह्याच रानात पेरायलो की, साहेब. तुमी यायच्या आधीपसून!"

*

ज्वारीवर संशोधन करणारे आमचे जाधव सर सापाला लय भ्यायचे. एकदा मी ठिबकच्या नळीचा तुकडा दोरीनं ओढला. सर थेट मळणीयंत्रावर! वरूनच ओरडले, "विषारी हाय का रे?"

म्हणलं, "कंपनीला विचारावं लागंल!"

*

सरांचा जुना सफारी मी बुजगावण्याला घातला. पाखरं भ्याली न्हाईत, पण खुरपणाऱ्या बायांनी दिवसभर मान वर केली न्हाई! सांजच्याला त्यातली कौसाबाई कुजबुजली, "मामा, सर बसंनात, बोलंनात. लय चिडलेत का?"

*

मी मात्र खरा भ्यालो एकदाच. सरांनी कैक वर्षं खपून ज्वारीचं नवं वाण काढलं. शेजारी तुलनेला गावरान. ताटं सारखीच, ओळख फक्त पाटीवर. वाण पास करणाऱ्या समितीला पसंत पडलं तर बी शेतकऱ्याला जाणार, न्हाईतर सगळी मेहनत मातीत. आठवडाभर सर पुटपुटत होते, "गावरानच भारी दिसायलंय, मामा."

समिती यायच्या दिवशी सकाळी मला लहर आली. दोन्ही पाट्या उपटल्या, न वाचता इकडची तिकडं केली. वाटलं, सर जरा गोंधळतील, हसू, परत लावू. तेवढ्यात समितीची गाडी आलीच!

सर घामानं निथळायले. समितीचे मोठे साहेब नव्या वाणाच्या पाटीपाशी थांबले, कणीस हातात तोललं. "वा! हेच बी द्या."

म्हंजे गावरान पास! आता लोक फसणार, माझी नोकरी जाणार. तीन दिवस घास उतरला न्हाई. शेवटी सरांचे पाय धरले. "सर, त्या दिवशी सकाळी पाट्या मी बदलल्या."

सर मटकन बांधावर बसले. "सकाळी? नक्की?"

"आईशप्पथ!"

सरांच्या डोळ्यांत पाणी. "अरे मामा, आदल्या सांजच्याला भिऊन मीच बदलल्या होत्या!"