बिनकाट्याची करडई

कुठलंही बियाणं हातावर ठेवलं, की ती म्हातारी आधी एक दाणा दाताखाली धरायची. कट्ट आवाज आला की मान डोलवून म्हणायची, "तुमी शिकलेली मानसं." माझं कौतुकच चाललंय असं मला वाटायचं. मी तेव्हा शेतीखात्यात नुकताच चिकटलेला, अक्कल सायकलच्या कॅरिअरवर बांधून हिंडणारा. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

नव्वदीतली गोष्ट. कर्जतकडच्या त्या माळावर हरणांचे कळप होते. मारायला बंदी, हाकलायला माणूस नाही. हरणांपासून वाचतील अशी पिकं लोकांना सुचवायची, हे माझं काम. या बाईला मी काय सुचवणार? दीड एकर ज्वारी, एक गाय आणि ती एकटी. ज्वारीभोवती ती दर वर्षी करडईचा दाट पट्टा पेरायची. करडई वाढली की तिचे काटे अंग ओरबाडतात. हरणं पट्ट्याशी येऊन माघारी वळायची. "पेरनी येळेवर पायजे. माझी कधी चुकली न्हाई," असं ती ऐटीत सांगायची, आणि ते खरं होतं.

त्या साली सुधारित करडईच्या पिशव्या आल्या. बिनकाट्याची जात, काढणीला सोपी. पिशव्या खपवायच्या होत्या. मी तिलाही एक दिली.

"काटा न्हाई म्हंता? मंग हरनं कशाला भ्यायची?"

"मावशी, हरणं करडईला तोंडच लावत नाहीत," मी ठोकून दिलं. असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

तिने माझं ऐकलं.

हरणांनी आधी करडई खाल्ली, मग ज्वारी. कडबाच नाही म्हटल्यावर गाय काष्टीच्या बाजारात गेली. त्यानंतर मी गेलो तर तिने चहा केला, आणि मी निर्लज्जासारखा तो प्यायलो.

पुढे वरचे साहेब पाहणीला आले. बांधावर गावातली चार माणसं उभी होती. "नव्या बियाण्याचा प्लॉट गेला कसा? नोकरी करायचीय ना?" साहेब माझ्यावर ओरडले.

तेवढ्यात ती पुढे झाली. "त्यास्नी बोलू नगा. मलाच पेरायला उशीर झाला."

"लिहा तसं," साहेब म्हणाले. मी लिहिलं. तिने खाली अंगठा उठवला.

जीप गेल्यावर मी विचारलं, "मावशी, खोटं कशाला बोललात?"

"तुमची नवकरी नवी हाय," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

पुढच्या हंगामात मी स्वतः काट्याची करडई घेऊन गेलो. रान पडीक होतं. ती राहाता गावी लेकीकडे गेली होती, आणि तिथेच वारली.

मी अजून त्या गावात जातो. करडईचा विषय निघाला की लोक सांगतात, "म्हातारी लई हुशार, पन त्या साली तिची पेरनी चुकली." मी मान डोलवतो.