कौतिकामाय आणि दुसऱ्यांचे पाळणे

रिकामा पाळणा हलवू नये, असं आमच्याकडे म्हणतात. कौतिकामाय दुसऱ्यांचे पाळणे हलवायची, पण भरून. दोन लेकरांच्या वजनाची ज्वारी पोत्यात बांधून ती पाळण्यात ठेवायची, तीही तान्ह्या पोराला निजवावं तशी, आणि मग जोराचा झोका द्यायची. वरची म्याल, म्हणजे छताची तुळई, करकरायची. घरातल्या बाया ओरडायच्या, "अवं माय, तुटन नं!" ही म्हणायची, "तुटला तं आताच तुटू दे. ज्वारी सांडली तं येचता येते."

ती आमच्या सिंदी गावची सुईण. आमची अर्धी गल्ली तिच्याच हातावर जन्माला आली. त्या काळी नवा पाळणा कोण करून घेतो? एका घरची पोरं पायावर उभी राहिली की पाळणा दुसऱ्या घरी जायचा. उलट ज्या पाळण्यात चार लेकरं सुखरूप वाढली, त्याला मागणी जास्त. मात्र तो जसाच्या तसा न्यायचा, जुन्या दोरासकट. गाठ सोडली तर लेकरांची साखळी तुटते, असा समज. एवढ्या गावात त्या गाठी सोडणारी बाई एकच. बायका कुरकुरायच्या, पण तिच्या हाताला यश होतं म्हणून कोणी आडवं यायचं नाही.

माझी आणि तिची ओळख माझ्या पहिल्या बाळंतपणातली, म्हणजे वसंताच्या वेळची. मामेसासूंकडून पाळणा आला होता. मी खाटेवर पडून, आणि ही ओसरीत पाळण्याभोवती फिरते आहे. आधी तिने फाटक्या लुगड्याचं फडकं सगळ्या लाकडावरून फिरवलं. फडकं अडकलं की तिथे लाकडाचं कुसळ आहे. मग फटींत कढत पाणी ओतून ढेकूण पाहिले. मग एक सोललेला नारळ घेऊन तो कठड्याच्या दांड्यांमधून घालून पाहिला. मला वाटलं, बाई काहीतरी देवाचं करते आहे. विचारलं, तर म्हणाली, "देवाचं नाई व. नारळ गेला तं डोस्कं जाते. डोस्कं गेलं तं मान अडकते. लेकराले मांगं सरकनं समजते काय?"

दहाव्या दिवशी तिने मलाच कामाला लावलं. मी सातवी शिकलेली, त्याची थोडी घमेंड होती. "हे सुताराचं काम," मी म्हणाले. "सुतार लाकूड पाह्यते, लेकरू नाई पाह्यत," ती म्हणाली. "सोड ते गाठ. बोटानं पीळ उकल. पाह्य, वरून कसा गोरागोमटा हाय, अन् आत भुसा. दोर मधात नाई तुटत बाई, गाठीत तुटते. दिसते तिथं कोनीबी पाह्यते." खरंच, कडीच्या आतला अंबाडीचा दोर चिमटीत चुरला. तिने नवा दोर आणवला, माझ्याकडून तीनदा गाठ मारून घेतली, तीनदा सोडायला लावली. माझी बोटं सोलली, मी चिडले. ती हसत होती.

ती गेल्यावर सासूबाईंनी पाळण्यावर पाणी शिंपडलं. तिचा हात लागला होता ना! तेच हात माझ्या पोराला पहिल्यांदा लागले होते, त्याच्यावर कोणी पाणी शिंपडलं नाही. मी हे पाहिलं आणि गप्प बसले. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

एकदा मी तिला विचारलं, "माय, काऊन एवढं करतं तू? कोनी सांगते काय तुले?" ती तेव्हा माझ्या धाकटीच्या अंगाला तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "माहा पह्यला पोरगा होता. बाळंतपन केलं त्या मोठ्या घरून पाळना भेटला. रंगाचा, घुंगराचा. मोठ्या घरची वस्तू, देनाऱ्याच्या डोळ्यासमोर हालवून कशी पाहू? लाज वाटली मले. तीन मयन्याचा होता." मग पोरीला पालथं घालत म्हणाली, "देनं सोपं हाय बाई. देल्यावर नीट झोप लागली पाह्यजे."

छप्पन साली तिच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झाली. कौतिकामाय परतली ती पांढऱ्या लुगड्यात, ताठ मानेने. पहिल्याच बोलावण्याला तिने सांगितलं, "येईन. पन शिळी भाकर घेनार नाई, आन् मांगच्या दारानं येनार नाई." सासूबाई म्हणाल्या, "मंग येऊच नको." झालं. माझ्या दोन्ही लेकरांची नाळ कापणारी बाई आमच्या घरी यायची बंद झाली.

दोन वर्षांनी माझी नणंद शांता, समुद्रपूरला दिलेली, बाळंत झाली. मुलगी झाली. आमचा पाळणा तिच्याकडे पाठवायचा ठरलं. तो दोन वर्षं गोठ्यात म्यालीला टांगलेला होता, गुराढोरांच्या ओलाव्यात. खाली काढून अंगणात ठेवला आणि ही बातमी कौतिकामायला कुठून कळली कोण जाणे, ती समोरच्या दाराने आली. अंगणातच उभी राहिली.

"बसाले नाई आली, पाटलीनबाई. पाळना चालला म्हन्ते. एक डाव पाहू द्या."

"तुमचा धर्म येगळा झाला नं आता?" सासूबाई म्हणाल्या. "मंग आमच्या गाठी काऊन सोडता? हात नको लावू."

मायने पुढे केलेला हात मागे घेतला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे वळली. "सूनबाई, तुले येते सारं. गाठ सोडून पाह्यजो." मी मान हलवली. ती निघून गेली.

त्या दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. पाळणा ओसरीत, मी एकटी. गाठीला हात घातला, ती घट्ट बसलेली होती. त्या उठल्या तर म्हणतील, त्या बाईचं ऐकून माझ्या लेकीच्या संसाराला नाट लावतेस. नाहीतरी माझी दोन पोरं याच दोरावर वाढली, काय झालं त्यांना? असं मनाशी म्हणाले आणि हात काढून घेतला. फडक्याने लाकूड तेवढं पुसलं. संध्याकाळी पाळणा मोटारीच्या टपावर चढला.

सव्वा महिन्याने समुद्रपूरहून माणूस आला. दोर गाठीत तुटला होता. खाली फरशी. मुलगी गेली.

सासूबाई रडल्या, देवाला बोल लावला, मग देवाची मर्जी म्हणाल्या. गाठीचं नाव घरात कोणी काढलं नाही. शांता माहेरी आली तेव्हा माझ्याच गळ्यात पडून रडली. "वयनी, तू तं सारं पाह्यलं असशीन नं?" म्हणाली. मी तिची पाठ थोपटत राहिले.

चार दिवसांनी विहिरीच्या वाटेवर कौतिकामाय माझी वाट पाहत उभी होती. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"गाठ सोडून पाह्यली होती काय?"

"हो, पाह्यली होती."

"आतून दोर कसा होता?"

"चांगला होता, माय. अगदी चांगला."

तिने विश्वास ठेवला. हीच तर सगळी गोम. तिने मला रागावून विचारलं असतं, खोटं बोलतेस म्हणाली असती, तर मी तिथेच पाय धरले असते. पण मी तिची शिकवलेली, माझ्या बोटांवर तिचा भरवसा. ती आपल्याच बोटांकडे पाहून म्हणाली, "मंग तुले शिकवलं त्या माह्या पाह्यन्यातच काही राह्यलं."

त्या दिवसापासून तिने पाळणे पाहणं सोडलं. तिच्या वस्तीतल्या बाया बोलवायला आल्या तरी म्हणायची, "मले नाई समजत आता. आनखी कोनाले दाखवा." बाळंतपणं करायची, पण बारशाच्या आत निघून यायची. पोरगं पाळण्यात घालताना ती घरात थांबत नाही, असं मला तिच्या सुनेनेच सांगितलं. ज्वारीचं पोतं तिने उसवून टाकलं म्हणे. मी हे ऐकायची आणि घरी येऊन स्वयंपाक करायची. लोक मला शहाणी म्हणत होते.

पुढच्या हिवाळ्यात ती खाटेला खिळली. मी एक दिवस सासूबाईंना न सांगता तिच्या घरी गेले, खरं सांगायचंच असं ठरवून. तिच्या सुनेने मला पाणी दिलं, मी प्यायले. सुनेला दिवस गेले होते. माय अगदी काटकुळी झाली होती, पण मला ओळखलं. माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं आली. मले एकच समजून नाई राह्यलं. उंदरानं कुरतडला म्हनावं तं वरून दिसला असता. वजनानं म्हनावं तं तानं लेकरू. पुन्हा सांग बाई, गाठ सोडली तवा दोर आतून कसा होता? हिले सांगून ठेवावं लागन. मी चाल्ली, आता हिच्या लेकराचं कोन पाह्यन?"

सून दाराशी उभी राहून ऐकत होती. मी तोंड उघडलं. हिच्यासमोर सांगितलं तर उद्या गावभर होईल, शांताला कळेल, आणि माय मरता मरता मला काय म्हणेल! मरणाऱ्या माणसापुढेही मला माझीच लाज मोठी वाटली.

"चांगला होता, माय," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले आणि बोटांनी गोधडीचा काठ उकलत विचार करत राहिली. आठ दिवसांनी ती गेली. तिच्या पाहण्यात कधीच काही राहिलं नव्हतं, हे मी त्यानंतर किती जणींना सांगितलं. जिला सांगायला हवं होतं, तिला नाही.