मेश्रामकाकांचा बांगडा

रायपुरातल्या आमच्या गुढियारीत रविवारी मासोळी घेऊन घरी जाणाऱ्याला एक नाका ओलांडावा लागे, तो म्हणजे मेश्रामकाकांचा ओटा. पिशवी दिसली की काका हाक मारत. ख्यालीखुशाली नंतर, आधी पिशवीत हात. कल्ला वर करून आत पाहायचं, अंगठ्यानं पोट दाबायचं आणि निकाल द्यायचा. "अबे, हा रोहू कालच गेला. तू काय त्याच्या तेरवीले चालला का?" चारचौघांत हे ऐकून मी कितीदा तरी तसाच बाजारात परत गेलो आहे. राग यायचा, पण काकांचं नाव सांगितलं की मासोळीवाली मुकाट्यानं बदलून द्यायची.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, तलावांच्या मुलखातले. रेल्वेत नोकरी करून इथेच राहिले. काकू लवकर गेल्या, तेव्हा सचिनला, म्हणजे एकुलत्या एका मुलाला, त्यांनी स्वतः रांधून वाढवलं. "मासोळी खोटं बोलत नाई, इकनारा बोलते," हे त्यांचं वेदवाक्य. अख्खा पारा, म्हणजे आमची सगळी वस्ती, त्यांच्या शब्दावर मासोळी शिजवायचा.

रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरात काचेच्या दारांची फ्रीजरवाली दुकानं निघाली. समुद्राची मासोळी त्यात दगडासारखी गोठून पाकिटात पडलेली असे. काका एकदा माझ्याबरोबर आत आले, नाक मुरडलं आणि बाहेर पडले. "डोये दिसत नाई, कल्ले दिसत नाई. तोंड झाकलेल्या घराशी कोनी सोयरिक करते का, भाऊ?"

सोयरीक मात्र त्यांनी थेट समुद्राशी केली. सचिनची बायको सुजाता रत्नागिरीची. तळ्याच्या मासोळीला तिला चिखलाचा वास यायचा, पण ती गुमान जेवायची. सासऱ्यांनी वाढलेलं पानात टाकायचं कसं? पुढे तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात, मोठ्या संकोचानं, तिनं सांगितलं की बांगडा खावासा वाटतो.

सचिन म्हणाला, "बाबा, शंकर नगर से फ्रोजन ले आता हूँ न. उसमें खराबी क्या है?"

काका उसळले. "माह्या घरात पहिलं लेकरू येऊन राहिलं, अन् मी त्याच्या मायले बर्फातलं मढं चारू?"

रविवारी ते मला घेऊन बाजारात गेले. किनाऱ्याकडून थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर आलेला बांगडा एका मासोळीवालीकडे मिळत होता. काकांनी कल्ले पाहिले, लाल होते. पोट दाबलं, घट्ट होतं. "ताजा आहे," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. तळ्यातला रोहू त्यांच्या डोळ्यांदेखत मरायचा. हा मासा किती लांबून आणि कसा आला होता, ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांना सांगणार कोण?

बांगडा त्यांनीच साफ केला, त्यांनीच तळला. सुजाता जेवताना ते समोर बसून होते. तासाभरात तिचा चेहरा लालबुंद झाला, अंगावर गांधी उठल्या, छाती धडधडू लागली, उलट्या सुरू झाल्या. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेत बर्फ कमी पडला की बांगड्यात विष तयार होतं. ते दिसत नाही, वास येत नाही, तळूनही जात नाही. त्यापेक्षा पकडल्याबरोबर गोठवलेला आणला असता तर बरं. काका बाकावर बसून धोतराला हात पुसत होते. पोटातल्या बाळाचे ठोके ठीक आहेत, असं नर्स सांगून गेली तरी त्यांचं पुसणं थांबेना.

सकाळी सुजाताला बरं वाटलं. काकांचा चेहरा पाहून ती म्हणाली, "तुमची चूक नाही, बाबा. मला पहिल्या घासालाच कळलं होतं. जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरली. आमच्याकडे असा बांगडा टाकून देतात. पण तुम्ही इतक्या हौसेनं आणलात, नको कसं म्हणू?"

तिनं हे त्यांना धीर यावा म्हणून सांगितलं होतं. काका मात्र कोसळलेच.

"म्हंजे माह्या तोंडाकडे पाहून तू इख खाल्लं, पोरी?"

नात झाली, धडधाकट झाली. पण ओट्यावरचा नाका उठला. पिशव्या समोरून जात, काका दुसरीकडे पाहत. शंकर नगरातलं पाकीट आता तेच आणत आणि सुजातापुढे धरत. "तू पाह."

"चांगलं आहे, बाबा."

"खरं सांगून राहिली का माह्यं मन राखून राहिली?"

हेच त्यांचं नवं वाक्य झालं. चहा दिला, भाजी वाढली, तरी तेच. सुजाता कधी रडकुंडीला येई. ज्यांच्या शब्दावर सारा पारा जेवायचा, त्या माणसाला स्वतःच्या घरातलं 'चांगलं आहे' खरं वाटत नव्हतं, हे मला बघवत नसे.

अशी काही वर्षं गेली आणि शेवटी काकांचं यकृत निकामी झालं. दवाखान्यातल्या खाटेभोवती आम्ही सगळे गोड बोलत होतो. सचिन म्हणाला, "बाबा, बस कुछ दिन की बात है." मीही मान डोलावली. काकांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

"सुजाता, मी बरा होईन का? मन राखू नको."

तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"नाही, बाबा."

सचिन तोंड फिरवून रडू लागला. काका मात्र कितीतरी वर्षांनी निवांत दिसले.

"असंच त्या दिवशी बोलाले पायजे होतं, पोरी," ते म्हणाले. "मंग आजच घरी ने मले."

संध्याकाळी आम्ही त्यांना घरी आणलं.