तिच्या भाषेतलं एक वाक्य

आजीच्या लहानपणी, साम्राज्य होतं तेव्हा, तिच्या गल्लीत चार भाषा सुखानं नांदत होत्या. मग राज्य बुडालं, माणसं पांगली आणि तिची भाषा बोलणाऱ्या आजी आणि तिची धाकटी बहीण, शिवणकाम करणाऱ्या या दोघीच काय त्या मागे राहिल्या. आता धाकटीही गेली होती.

शहराचा इतिहास बघायला आलेल्या सहलीतली एक मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना!"

"बोलते की, त्यात काय!" आजीनं मशीन थांबवलं. पण काही आठवेना. शेवटी बहिणीचं रोजचं एक वाक्य तेवढं ओठांवर आलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. "म्हणजे काय हो?"

"दार लावून घे" हा खरा अर्थ कसा सांगायचा? आजीनं ठोकून दिलं, "या, बसा."

मुलं राजवाड्याकडे पळाली. आजी दुसरं वाक्य आठवत बसली. अंधार पडला, तरी एकही आठवेना.