वहीतल्या उभ्या रेघा

निवृत्त झालो तरी माझ्यातला इतिहासाचा मास्तर काही निवृत्त होईना. सक्करदऱ्याच्या विणकर वस्तीत आमचे चार-पाच जणांचे टोळके दर रविवारी जमते. विणकरांच्या जुन्या नोंदवहीच्या पानांचे फोटो काढायचे आणि नावे कॉम्प्युटरमध्ये भरायची. मग कोणत्या घरात हातमागावर कोण राबले, ते नकाशावर ठिपक्यांनी दिसते. प्रोग्राम एका कॉलेजातल्या मुलीने लिहिला. तिच्या चिकाटीपुढे मी केव्हाच हात टेकले आहेत.

एका रविवारी शेजारच्या विणकर आजी आल्या. ऐंशी उलटलेल्या, पण नजर पक्की. त्यांना आईचा ठिपका पाहायचा होता. मुलीने नकाशावर त्यांचे घर उघडले. ठिपका एकच, वडिलांचा. वहीत जे आहे तेच आम्ही घेतो, असे मी जरा चढ्या आवाजातच समजावले. आजींनी मूळ पान दाखवायला सांगितले. वडिलांच्या नावापुढे तीन बारीक उभ्या रेघा होत्या.

"या रेघा काहून नाही घेतल्या गा, मास्तर?"

शाईचे फराटे समजून मीच त्या वहीभर गाळल्या होत्या आणि वर टापटिपीची शेखी मिरवली होती. आजींनी सांगितले, बायांची नावे लिहायची रीतच नव्हती. घरात जितक्या बाया मागासाठी कांड्यांवर सूत भरत, तितक्या रेघा लिहिणारा ओढायचा.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.  मुलीने लगेच प्रोग्रामला फोटोंतल्या रेघा शोधायला लावले. खरी रेघ कोणती आणि डाग कोणता, ते आजी ठरवत. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारून बायांची नावेही त्याच आणत. त्या दोघींचे काम बघताना मला फार हेवा वाटे आणि त्याहून जास्त कौतुक. चार रविवारांत नकाशा ठिपक्यांनी भरून गेला.

आजींनी स्वतःचे घर शेवटी ठेवले होते. पहिली रेघ आईची, दुसरी मोठ्या बहिणीची. तिसरी कोणाची, मी विचारले.

"माही. आठ वर्साची होती मी."

मुलीने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. आजींचे नाव मी एकेक अक्षर बघून भरले आणि दोनदा तपासले.